तंबोऱ्याची जोड, तीन सेन्सर

9 जून

चाचांनी होकार दिला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या त्यांच्या दुकानात आमच्या गायन क्लाससाठी तंबोऱ्याची एक जोड बनायची आहे. कोऱ्या भोपळ्यापासून जवारी लागेपर्यंतचं (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून झंकार आणेपर्यंतचं) सगळं काम फोटोत धरायचं. दसऱ्याच्या सुमारास क्लासच्या हॉलमध्ये 36 × 24 इंचांचे बारा प्रिंट लावायचे आणि एक आल्बम चाचांच्या घरी द्यायचा.

चाचांची अट एकच: "फोटो काढा, पण मध्ये बोलायचं न्हाई. जवारीच्या वेळेला तर अजिबात न्हाई."

पैसे वर्गणीतून 1 लाख 10 हजार जमलेत. त्यात कॅमेरा, लेन्स आणि लागलं तर लाइट. प्रिंटचा खर्च वेगळा. माझा जुना डीएसएलआर गेल्या पावसाळ्यात वारला, त्यामुळे सुरुवात शून्यापासून. मिररलेसच (आत आरसा नसलेला) घ्यायचा एवढं ठरलंय, कोणत्या सेन्सरचा (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चकती) ते ठरायचंय.

11 जून

मामेभाऊ विश्रामबागेत लग्नाच्या ऑर्डरी करतो. मी त्याला दादा म्हणते. त्याचं मत विचारायच्या आधीच मिळालं: "फुल फ्रेम घे. बाकी सगळं मनाची समजूत आहे."

मला समजुतीवर पैसे घालायचे नव्हते. म्हणून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेऊन तिन्ही सेन्सर कापले. फुल फ्रेम 36 × 24 मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा. एपीएस-सी 23.5 × 15.6 (कॅननचा याहून किंचित लहान असतो). मायक्रो फोर थर्ड्स 17.3 × 13. पहिला पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा दिसतो, शेवटचा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. क्षेत्रफळ 864, 367 आणि 225 चौरस मिलिमीटर. म्हणजे पहिला शेवटच्याच्या जवळपास चौपट.

या फोर थर्ड्स नावाची एक गंमत. चार तृतीयांश इंच म्हणजे 34 मिलिमीटर व्हायला हवेत, पण सेन्सरचा कर्ण साडेएकवीसच भरतो. हे इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीचे, बाहेरून मोजलेले. नळ्या गेल्या, माप राहिलं. आपल्याकडे शेर गेला तरी आजी 'पावशेर' म्हणायची, तसंच.

चौपट क्षेत्रफळ म्हणजे चौपट प्रकाश, हे दादाचं म्हणणं बरोबर आहे. पाऊस तोच, पागोळीखाली ठेवलेलं भांडं मोठं. प्रकाश जास्त तर नॉइज (फोटोतले दाणे) कमी. दुकानात एक खिडकी आणि चोकवाली एक ट्यूब, बाकी अंधार. कागदावर तरी फुल फ्रेम जिंकला.

14 जून

दादाचा फुल फ्रेम सोनी ए7 थ्री आणि 35 एमएम एफ/1.8 लेन्स घेऊन दुकानात (एमएमचा आकडा लहान तितकी चौकट रुंद, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी). दुकान दहा बाय नऊ फूट. आढ्याला टांगलेले भोपळे सोलापूर जिल्ह्यातून आलेले, एकात काठ्यांचा आधार देऊन तो ताणून ठेवलेला. खाली लाकडाचा भुसा, चपड्याचा वास. आमच्या जोडीच्या दांड्यांचं लाकूड अजून कोपऱ्यात उभंच होतं. चाचा एका गिऱ्हाइकाच्या जुन्या तंबोऱ्याची जवारी काढत होते. सरावाला तेच बरं.

पहिल्याच 'खटाक्'ला त्यांनी मान वर केली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या खटाक्‌ला कानस खाली ठेवली.

"ताई, मी ऐकतोय."

खरंच ऐकत होते. घोडीवर कानस दोनदा अलगद ओढायची, तार छेडायची, डोळे मिटायचे. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवायचा आणि पुन्हा छेडायचं. या कामात शटरचा आवाज म्हणजे मैफलीत ताट पडल्यासारखा. मी मुकाट सायलेंट शटरवर गेले. आवाज बंद झाला, पण घरी येऊन बघते तर निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये हा सेन्सर वरून खाली ओळीओळीने, सावकाश वाचला जातो, त्यामुळे काही ओळी उजेडात सापडतात, काही मंद क्षणात. छेडलेली तार तर सापासारखी नागमोडी आली. क्लासमधल्या पोरींना ती भारी आवडली. चाचांना दाखवली असती तर त्यांनी मलाच कानस मारली असती.

शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात. लिहून ठेवते.

15 जून

कालचे फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले. नॉइज खरंच कमी. एफ/1.8 वर चाचांचा चेहरा असा आला की मागचं कॅलेंडर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, इन्व्हर्टर सगळं विरघळून गेलं. दादा म्हणाला, "बघ की! आता बोल."

बोलण्यासारखं एकच होतं. घोडीच्या एकाही फोटोत अख्खी घोडी दिसत नाही. पुढची कड शार्प, तारा टेकतात तो भाग धूसर. नाहीतर उलटं.

21 जून

कोल्हापूरच्या एका व्हिडिओवाल्या मित्राकडून पॅनासॉनिक जी9 आणला, 12-35 एफ/2.8 सकट. मायक्रो फोर थर्ड्स.

आधी वजनाची गोष्ट, कारण मी स्वतः फसले. लहान सेन्सर म्हणजे लहान कॅमेरा असं मी धरून चालले होते. जी9 बॅटरी-कार्डासह 658 ग्रॅम, दादाचा फुल फ्रेम 650. हातात घेतला तर जी9च ऐसपैस वाटतो. फरक पडतो तो लेन्समध्ये. हा 12-35 साधारण 305 ग्रॅमचा, आणि फुल फ्रेमवर तेवढाच पल्ला आणि एफ/2.8 देणारा सोनीचा पहिला 24-70 जीएम 886 ग्रॅमचा. टॅमरॉनचा 28-75 हलका आणि परवडणारा, 550 ग्रॅमचा, पण तो 28 पासून सुरू होतो.

हे 28 आणि 24 कागदावर किरकोळ वाटतात. दुकानात नाही. मी फळीला पाठ लावून बसते तेव्हा चाचा पाच फुटांवर. 28 ने साडेसहा फुटांच्या आतबाहेर रुंदी मिळते, 24 ने साडेसात. मांडीवर आडवा धरलेला तंबोरा दोन्हीत मावतो, पण खिडकी एकीतच येते. खिडकीशिवाय त्या खोलीचा फोटो म्हणजे कुठल्याही खोलीचा फोटो. जी9 वर 12 एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात 24, कारण या सेन्सरचा क्रॉप दोनचा, म्हणजे आकडा दोनने गुणायचा. खिडकी आली.

आणि शटरचा आवाज! मेकॅनिकल असूनही इतका मऊ की चाचांची मान एकदाही वर आली नाही. पट्ट्यांचा त्रासही नाही. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "आज काढले का न्हाई फोटो?" 214 काढले होते.

आता वाईट बाजू. आयएसओ 6400 वर (कमी उजेड भरून काढायला हा आकडा वाढवतात) सावल्यांत दाणे दिसतात, आणि काळ्या खुंट्यांवर रंगीत ठिपके. चेहऱ्यामागचं कॅलेंडर विरघळत नाही. तारीखसुद्धा वाचता येते.

22 जून

स्टॅबिलायझेशनबद्दल एक ओळ. जी9 हातात धरून 1/8 सेकंदाला रिकाम्या दुकानाचा फोटो शार्प येतो. चाचा फोटोत असले की काही उपयोग नाही, कारण माझा हात स्थिर झाला तरी त्यांचा हलतोच.

28 जून

फुजीफिल्म एक्स-एस10 आणि सिग्माचा 18-50 एफ/2.8, पुण्याहून तीन दिवस भाड्याने. एपीएस-सी. तिघांत हाताला सगळ्यात गोड हाच. बॉडी 465 ग्रॅम, लेन्स तीनशेच्या आत, 26 मेगापिक्सेल. रंग तर असे की लाल लाकडाला हातच लावावा लागला नाही. बस, हाच घ्यायचा, असं शनिवारी दुपारी ठरवलंसुद्धा होतं.

पण 18 ला दीडने गुणलं की 27. पुन्हा खिडकी गेली. 16 पासून सुरू होणारा फुजीचा स्वतःचा 16-55 घ्यावा तर बजेट गेलं. मेकॅनिकल शटरचा आवाज सोनीपेक्षा बरा, जी9 पेक्षा जास्त.

आणि माझी चूक. भुशात बसून दोनदा लेन्स बदलली. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, मध्ये आरसा नाही. आभाळाचा एक फोटो एफ/11 ला काढून बघितला तर अकरा ठिपके. भाड्याचा कॅमेरा, छातीत धस्स झालं. हवेच्या फुग्याने दहा गेले, अकरावा सुटेना. (नंतर परत केला तेव्हा पुण्यात त्यांनी पाहिला, काही म्हणाले नाहीत.) नियम: दुकानात लेन्स बदलायची नाही. जी काही लेन्स असेल ती घरूनच लावून जायची.

2 जुलै

दिवसभर पाऊस. स्वयंपाकघरात प्रयोग केला. घोडीच्या जागी खडीसाखरेचा चपटा खडा, खोली तीन सेंटिमीटर. कॅमेरा 40 सेंटिमीटरवर, ट्रायपॉडवर. तिघांचीही झूम अशी लावली की चौकट सारखी दिसावी (दादाच्या कॅमेऱ्यावर आज त्याचा झूम, 50 ला).

फुल फ्रेमवर एफ/2.8 ला जेमतेम नऊ मिलिमीटर शार्प. अख्खा खडा यायला एफ/8-9 पर्यंत जावं लागलं. फुजीवर (आज त्याचा शेवटचा दिवस, तोही वाढवून घेतलेला) एफ/5.6 पुरलं. जी9 वर एफ/4.

आता शटर सगळ्यांचं 1/50. चाचांच्या खोलीत ट्यूबच्या उजेडात जी9 ला एफ/4 साठी आयएसओ 3200 लागतो. म्हणजे फुजीला एफ/5.6 साठी 6400 आणि सोनीला एफ/8 साठी 12,800. सोनीचा 12,800 आणि जी9 चा 3200 शेजारी शेजारी ठेवून मोठे केले. नॉइज सारखाच! कुठला कोणाचा ते मी नाव झाकून ओळखू शकले नाही. आईलाही दाखवले. ती म्हणाली, "दोन्हीकडे तीच खडीसाखर आहे."

मोठ्या सेन्सरचा फायदा खोटा नाही. पण तो लेन्स उघडी ठेवली तरच मिळतो, आणि लेन्स उघडी ठेवली की डेप्थ (शार्प दिसणारी खोली) पातळ होते. चेहऱ्याला ती पातळ डेप्थ हवी असते. जवारीला नको असते, कारण जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा पुढून मागे जाणारा बारीक उतारच. त्यातला निम्मा धूसर दाखवून मी काय दाखवणार?

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग लाइट लाव. दिवसा काढ." मुद्दा बरोबर आहे, पण लाइट लावला तर तो जी9 लाही मिळेल.

7 जुलै

प्रिंटची परीक्षा. 36 × 24 इंचांच्या पूर्ण प्रिंटमधल्या पट्ट्या त्याच मापात छापून घेतल्या, मागे पेन्सिलीने खूण. 36 इंचांवर सोनीचे 6000 पिक्सेल म्हणजे इंचाला 166. फुजी 173, जी9 144. चार फुटांवरून तिघांत फरक दिसत नाही. नाक लावून बघितलं तर फुजी किंचित पुढे. एक बारकावा: जी9 ची चौकट 4:3 असल्याने वर-खाली थोडं कापलं जातं. उभा तंबोरा काढताना ते डोक्यात ठेवायचं.

पट्ट्या चाचांपुढे ठेवल्या. चष्मा लावून त्यांनी एकेक उचलली, खिडकीपाशी नेली, तिरकी करून बघितली, जशी घोडी बघतात तशी. नॉइजबद्दल चकार शब्द नाही. दादाने उघड्या लेन्सवर काढलेली, मला स्वतःला सगळ्यात देखणी वाटणारी पट्टी त्यांनी बाजूला सारली.

"ह्यात काम दिसत न्हाई. हे धुकं कशाला केलंय?"

दादाने खाली बघितलं. मीही.

त्यांनी तीन निवडल्या. दोन जी9 च्या, एक फुजीची. तिन्हींत उजेड खिडकीकडून आडवा आलेला होता आणि घोडीचा उतार दिसत होता. चेहऱ्याच्या पट्ट्यांत मात्र सोनीची निवडली. "ही घरात लावू," म्हणाले. ए7 थ्रीची लाज राखली गेली.

9 जुलै

जी9, जुना, 12-35 सोबत. दादाचा शेवटचा आक्षेप: "मरणारी सिस्टिम आहे ती. ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदाच विकला." ऑलिंपसचे कॅमेरेही याच सेन्सरचे. धंदा विकला हे खरं, 2021 मध्ये, पण ओएम सिस्टिम नावाने कॅमेरे येतच आहेत. पॅनासॉनिकने 2019 पासून फुल फ्रेमही काढले, तरी 2023 मध्ये जी9 टू आणलाच. 2008 पासून जमलेल्या लेन्स बाजारात भरपूर, जुन्या आणि स्वस्त. मला बारा प्रिंट काढायचेत, सिस्टिमशी लग्न लावायचं नाही.

जी9 चा ऑटोफोकस मागच्या पिढीचा, हे मान्य. पळणाऱ्या नवरदेवासाठी मी तो घेतला नसता. चाचा पळत नाहीत.

13 जुलै

लेन्स ऑनलाइन मागवली होती, 'एकदम क्लीन' असं लिहिलेलं. आली. मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून पुढून बघितलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. विकणारा म्हणे, फोटोत येत नाही. आज येत नाही, पण सांगलीच्या पावसाळ्यात दोन महिने ठेव म्हणावं. तीन दिवस फोनाफोनी, शेवटी पैसे परत आले, कुरिअरचे सोडून.

17 जुलै

कोल्हापूरच्या मित्रानेच त्याचा जी9 आणि तीच 12-35 द्यायची तयारी दाखवली. तो नव्या बॉडीवर जातोय. दोन्ही मिळून 92,000. लेन्सला टॉर्च लावला, स्वच्छ. उरलेल्या 18,000 मध्ये फ्लिकर न करणारा छोटा एलईडी पॅनेल, दोन जादा बॅटऱ्या (याची एक बॅटरी चारशेच्या आसपास फोटो देते, दादाची सातशेपर्यंत), हवाबंद डबा आणि सिलिका जेल. डबा म्हणजे आईचा लोणच्याचा जुना बरणीवजा डबा. वास जाईपर्यंत आठ दिवस उन्हात ठेवायचा बेत होता, पण ऊन कुठंय?

20 ते 30 जुलै

तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) बसली, गळा जोडला, कोरीव पट्ट्या चिकटवल्या. फोटो 1,140, ठेवण्याजोगे 60. दमट हवेत पॉलिश सुकेना, दोन दिवस काम बंद. एकदा बाहेरच्या गारठ्यातून आत आल्याबरोबर लेन्सवर वाफ धरली, वीस मिनिटं बसून राहिले. चेहऱ्याच्या फोटोंसाठी दोनदा दादाचा कॅमेरा आणला, दोनदा त्याची ऑर्डर असल्याने मिळाला नाही.

3 ऑगस्ट

पहिल्या तंबोऱ्याची जवारी. पॅनेल खिडकीच्याच बाजूला, खाली, घोडीच्या उंचीला. एफ/4, 1/50, आयएसओ 1600, पॅनेलमुळे एक स्टॉप वाचला, म्हणजे आयएसओ निम्मा झाला. मेकॅनिकल शटर. तीन तास. खर्जाची तार लागली तेव्हा खोलीत असा झंकार भरला की मी दोन मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवून दिला. त्या दोन मिनिटांचा एकही फोटो नाही.

5 ऑगस्ट

निवडलेले फोटो लॅपटॉपवर घेऊन दुकानात. घोडीचा क्लोजअप चाचांना दाखवला. या वेळी पुढची कड, माथा, दोरा, मागचा उतार, सगळं शार्प. त्यांनी मोठा करायला सांगितला. अजून मोठा. मग बोट स्क्रीनवर टेकवलं, दुसऱ्या तारेच्या खाली.

"ही रेघ कसली?"

मला वाटलं सेन्सरवरची धूळ. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. रेघ घोडीबरोबर हलत होती. कानशीचा एक केसाएवढा ओरखडा राहिला होता.

चाचा उठले, भिंतीला टेकवलेला तयार तंबोरा उचलला, दुसरी तार छेडली, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा छेडली. मग तारा सैल करायला घेतल्या.

"परवा कान ठीक न्हवता माझा," म्हणाले. "बुधवारी या. पुन्हा काढतो."

म्हणजे तो क्लोजअप आता चुकीच्या घोडीचा झाला. बाराच्या यादीतून त्यावर काट मारली. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.